मोटर चालू आहे, पण टाकीत पाणी नाही

दर गुरुवारी रात्री नऊ वाजता मी लिफ्टने पार्किंगमध्ये उतरायचे, गाडीत बसायचे, काचा वर करायचे आणि स्टिअरिंगला फोन टेकवून एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टशी पन्नास मिनिटं बोलायचे. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या टू बीएचकेमध्ये सासूबाई, सासरे, नवरा, सातवीतला मुलगा आणि मी. दार लावून बोलायला खोली नव्हती, आणि असती तरी दार का लावलं हे सगळ्यांना सांगावं लागलं असतं. वॉचमन काकांना वाटायचं, मॅडमचा ऑफिसचा कॉल चालू आहे. मी तो समज दूर केला नाही.

तेव्हा मी नवी मुंबईत ऐरोलीतल्या एका कंपनीत चौदा माणसांची टीम सांभाळत होते. रेटिंग उत्तम, क्लायंट खूश. फक्त रविवारी दुपारी चारनंतर पोटात गोळा यायचा, आणि पहाटे साडेतीनला जाग आली की डोळ्यांसमोर न पाठवलेल्या मेलची यादी उभी राहायची. पहिल्या सेशनला मी बाईंना म्हणाले, "खरं तर मला काही झालेलं नाही. काम व्यवस्थित चाललंय." त्यांनी विचारलं, "आणि काम सोडून?" मी बराच वेळ गप्प होते.

जी माणसं हुशार आहेत, कर्ती आहेत, ज्यांच्यावर घर आणि ऑफिस दोन्ही टेकलेलं आहे, ती मदत मागायला सगळ्यात उशिरा जातात. कारण त्यांच्याकडे एक भक्कम पुरावा असतो: काम तर चाललंय. हा पुरावा किती फसवा आहे, हे मला नीट समजावून सांगायचं आहे.

घोडबंदरच्या सोसायट्यांमध्ये राहणाऱ्यांना पुढचं उदाहरण लगेच कळेल. खालच्या टाकीतलं पाणी संपलं आणि पंप तसाच चालू राहिला, तर काही वेळ आवाज नेहमीसारखाच येतो. जिन्यातून जाणाऱ्याला वाटतं, पाणी चढतंय. आत मात्र पाण्याने थंड राहणारे भाग कोरडेच घासत असतात, तापत असतात. मग एके दिवशी सेक्रेटरी नोटीस लावतात, 'मोटर जळाली आहे.' बर्नआउट म्हणजे नेमकं हेच, आणि मोटर चालू असल्याचा आवाज म्हणजे आपलं 'काम चाललंय'.

'बर्नआउट' हा शब्द मानसशास्त्रात आणला हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी, १९७४ साली. न्यूयॉर्कमध्ये एका मोफत दवाखान्यात ते आणि त्यांचे सहकारी दिवसभराचं काम आटोपून रात्री रुग्ण तपासत. सगळ्यात मनापासून राबणारी माणसंच आधी कोरडी पडत होती, हे त्यांनी पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या बाबतीतही तेच झालं होतं. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी हे मोजायची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली, ती २०२२ पासून लागू झाली. त्यात तीन खुणा आहेत. पहिली, शरीर-मनाचा पूर्ण थकवा, जो झोपून उठल्यावरही जात नाही. दुसरी, कामाबद्दल कोरडेपणा किंवा कडवटपणा. पूर्वी ज्या प्रोजेक्टसाठी जीव टाकला त्याचा वीट येतो, टीममधल्या नव्या मुलाच्या साध्या शंकेवरही चिडचिड होते. तिसरी, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं. संघटनेने बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा तो परिणाम आहे, असं म्हटलंय. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण त्याने दोष एकट्या माणसाच्या डोक्यावरून उतरतो.

अँग्झायटी, म्हणजे सततची चिंता, वेगळी. ती शरीराची धोक्याची घंटा आहे. मेंदूतल्या बदामाएवढ्या एका भागाला, अमिग्डालाला, धोका दिसला की अॅड्रेनलीन सुटतं, हृदय धडधडतं, स्नायू आवळतात, पचन मंदावतं. समोर साप असेल तर हे वरदान. पण मेंदूच्या या भागाला साप आणि 'कॅन वुई टॉक?' असा बॉसचा मेसेज यातला फरक चटकन कळत नाही. घंटा दिवसातून वीस वेळा वाजते, आणि पळायला जागाही नसते, कारण आपण ऐरोलीच्या सातव्या मजल्यावर खुर्चीत बसलेलो असतो.

दोन्ही गोष्टी एकमेकींना खतपाणी घालतात. धास्तीमुळे माणूस जास्त काम करतो, जास्त कामामुळे दमतो, दमल्यावर चुका होतील म्हणून धास्ती वाढते. बर्नआउटमध्ये सुट्टी घेतली, काम बदललं तर निदान सुरुवातीला हलकं वाटतं. डिप्रेशनमध्ये तसं होत नाही. गोव्याला नेलं तरी मन उठत नाही, आवडीचं गाणं, आवडीचं माणूस, कशानेच काही वाटत नाही. ही रेघ घरबसल्या आपली आपण ओढू नये. ती ओढायलाच तज्ज्ञ लागतो.

एक साधी गोष्ट आधी करून घ्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह तपासा. थायरॉइड बिघडला तर धडधड आणि बेचैनी होते, किंवा उलट सारखी मरगळ येते. शाकाहारी घरांत बी-ट्वेल्व्ह कमी असणं सर्रास आढळतं, त्यानेही थकवा येतो. रक्ताच्या एका तपासणीने जे कळेल त्यासाठी महिनाभर मनाला दोष देण्यात अर्थ नाही.

आता मूळ प्रश्न. हुशार माणसाला हे उशिरा का कळतं?

कारण त्याच्या आयुष्यात सगळ्यात शेवटी कोसळतं ते काम. आधी जाते झोप. मग तलावपाळीला मैत्रिणीबरोबर मारायची चक्कर बंद होते. मग मुलाच्या बोलण्यात आपण 'हं, हं' करतो आणि तो ओळखतो. मग जेवण स्क्रीनसमोर. या सगळ्यातून उपसलेलं पाणी कामाच्या टाकीत ओतलं जातं, त्यामुळे ऑफिसात कुणाला पत्ता लागत नाही. उलट प्रमोशन मिळतं, आणि प्रमोशन मिळाल्यावर तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

दुसरं कारण आपल्या घडणीत आहे. आमच्या पिढीतली कितीतरी मुलं चौथीच्या स्कॉलरशिप परीक्षेपासून पळायला लागली. कौतुक व्हायचं ते गुणांचं. त्यात कुणाचं वाईट करायचा हेतू नव्हता, आईबाबांनी पोटाला चिमटा काढून शिकवलं. पण मनात एक हिशोब पक्का बसला: मी केलं तर मी कुणीतरी. अशा माणसाला यश मिळालं तरी ते आपलं वाटत नाही, एक दिवस आपलं पितळ उघडं पडेल अशी भीती असते. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये कर्तबगार स्त्रियांशी बोलून याच भीतीचं वर्णन केलं. आज त्याला इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात. ती भीती असलेला माणूस विश्रांतीला घाबरतो, कारण थांबला की उघडा पडेल असं त्याला वाटतं.

आणि तिसरं कारण ठाण्याचं खास. इथलं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचं. 'याला ठाण्याला पाठवा' हे वाक्य महाराष्ट्रभर चेष्टेत वापरलं गेलं, आणि आपण ते ऐकतच मोठे झालो. त्या रुग्णालयात गंभीर आजारांतून बरी होऊन घरी गेलेल्या माणसांवर ती चेष्टा अन्याय करते, आणि साध्या मदतीसाठी दार ठोठावणाऱ्याचे पायही मागे ओढते. याच गावात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आयपीएच, सुरू केली आणि मनाच्या आरोग्याबद्दल चारचौघांत मराठीत बोलायची सवय लावली. माझ्या आईने त्यांची भाषणं ऐकली होती. म्हणूनच बहुधा मी थेरपी घेतेय असं तिला सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बरं केलंस गं. माझ्या वेळी असतं तर मीही गेले असते."

थेरपीत नक्की होतं काय? सल्ला मिळतो, असा बहुतेकांचा समज. सल्ला तर सासूबाईही देतात. थेरपीत आपण आपल्या विचाराची यंत्रणा उघडून पाहतो.

चिंतेवर सर्वाधिक अभ्यासलेली पद्धत म्हणजे सीबीटी, कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी. अमेरिकेत १९६०च्या दशकात एरन बेक यांनी ती उभी केली. त्याआधी १९५५ च्या सुमारास अल्बर्ट एलिस यांनी जी पद्धत मांडली, ती मराठी वाचकाला कि. मो. फडके यांच्यामुळे 'विवेकनिष्ठ मानसोपचार' या नावाने ओळखीची आहे. दोन्हींचं सूत्र साधारण एक. प्रसंग आणि भावना यांच्यामध्ये एक विचार असतो. तो इतका झटकन येऊन जातो की आपल्याला दिसतही नाही. तो पकडायचा आणि तपासायचा.

एलिस यांचा सगळा रोख 'मस्ट'वर होता, म्हणजे हट्टाच्या मागणीवर. मराठीत ती मागणी एका अक्षरात मावते: च. 'हे काम चांगलं व्हावं' ही इच्छा झाली. 'हे काम चांगलं झालंच पाहिजे' म्हटलं की छाती आवळते. 'मीच केलं पाहिजे', 'चूक होताच कामा नये', 'सगळ्यांना माझं पटलंच पाहिजे'. माझ्या थेरपिस्टने मला आठवडाभर फक्त हे 'च' मोजायला सांगितले. पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत एकतीस झाले, पुढे मी मोजणं सोडून दिलं. त्या 'च'ला हात लावायचा तर भीती वाटते की तो काढला तर आपण ढिले पडू. तसं होत नाही. इच्छा तेवढीच तीव्र राहू शकते, मेहनतही तेवढीच. फक्त अपयश आलं तर 'वाईट झालं' इथे आपण थांबतो, 'मी संपले' इथपर्यंत जात नाही.

मग प्रयोग असतात, आणि मला वाटतं खरं काम तिथे होतं. मी प्रत्येक मेल पाच-सहा वेळा वाचून पाठवायचे. प्रयोग असा ठरला की आठवडाभर साधे मेल एकदाच वाचून पाठवायचे, आधी काय होईल ते लिहून ठेवायचं, नंतर काय झालं ते लिहायचं. मी लिहिलं होतं, 'निदान तीन चुका, एकतरी एस्कलेशन, म्हणजे वरपर्यंत तक्रार.' झालं एवढंच, की एका मेलमध्ये अॅटॅचमेंट राहिलं. समोरच्याने मागितलं, मी पाठवलं. हे वाचायला क्षुल्लक वाटतं. पण ज्या मेंदूने पंधरा वर्षं चूक म्हणजे साप मानला, त्याला समजावून उपयोग नसतो, दाखवावं लागतं. त्या रात्री पार्किंगमध्ये मी रडले, आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं.

आणखी एक युक्ती म्हणजे काळजीची वेळ ठरवणं. संध्याकाळी साडेसहा ते सात, वही घेऊन मनसोक्त काळजी करायची. बाकी वेळी काळजी आली की दोन शब्दांत टिपायची आणि 'साडेसहाला' म्हणायचं. झोपायच्या आधीची वेळ मात्र ठेवू नका. श्वासाचंही असंच एक साधं तंत्र आहे: श्वास सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा लांबवायचा. श्वास सोडताना हृदयाची गती आपोआप किंचित कमी होते, त्यामुळे घंटा शांत व्हायला मदत होते. मी हे ठाणे स्टेशनच्या नऊ नंबर प्लॅटफॉर्मवर ट्रान्सहार्बर लोकलची वाट पाहत करायचे.

सेशन साधारण पाऊण ते एक तासाचं, आठवड्यातून एकदा. सीबीटीचा पल्ला बहुतेक वेळा बारा ते वीस सेशनांचा असतो. पहिली दोन-तीन तर माहिती घेण्यातच जातात, तेव्हा तिथेच 'काही फरक नाही' म्हणून सोडू नये. सहा-आठ सेशननंतरही काहीच हललं नाही तर मात्र थेरपिस्टला सरळ सांगावं. चांगल्या थेरपिस्टला याचं वाईट वाटत नाही. चिंतेचं मोजमाप म्हणून जीएडी-सेव्हनसारखी सात प्रश्नांची चाचणी देतात. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे प्रश्न, एकूण गुण २१ पैकी. दहा किंवा जास्त आले तर नीट तपासणी करावी असा संकेत. ती चाचणी म्हणजे निदान नव्हे, तापमापकासारखी एक नोंद.

ऑनलाइनने खरंच होतं का? चिंता आणि सौम्य ते मध्यम नैराश्यासाठी झालेल्या अनेक अभ्यासांत व्हिडिओवरची किंवा थेरपिस्टच्या देखरेखीखालची ऑनलाइन सीबीटी समोरासमोरच्या उपचाराच्या जवळपास उतरली आहे. परिणाम ठरतो तो बराचसा तुमच्यात आणि थेरपिस्टमध्ये विश्वास जमतो का यावर, आणि तो स्क्रीनवरही जमतो. आपल्याकडे तर सोय मोठी आहे. संध्याकाळी सहाला ऐरोलीहून निघून नौपाड्यात पोहोचायचं, गाडी लावायला जागा शोधायची, म्हणजे एका तासासाठी तीन तास. खारघर किंवा उलव्याहून येणाऱ्याचं तर विचारायलाच नको. दमलेल्या माणसाला आणखी एक प्रवास सांगितला तर तो जाणारच नाही. शिवाय मराठीत बोलणारा थेरपिस्ट पुण्यात असो की नाशिकला, मिळू शकतो. माझं ऑफिस इंग्रजीत चालतं, पण 'जीव घाबरतो' हे मला इंग्रजीत सांगता आलं नसतं.

काही वेळा मात्र ऑनलाइनवर विसंबू नये. जीव द्यायचे विचार येत असतील, भास होत असतील, दारू किंवा गोळ्यांवाचून दिवस जात नसेल, घरातच मारहाण होत असेल आणि बोलणं कुणी ऐकेल अशी भीती असेल, तर प्रत्यक्ष भेट हवी. काही औषधं, विशेषतः सवय लागू शकणारी, ऑनलाइन लिहून देण्यावर निर्बंधही आहेत.

कोणाकडे जावं यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सायकियाट्रिस्ट हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर, या सगळ्यांत औषध तेच देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते. नंबर विचारावा, तो तपासता येतो. काउन्सेलर हा शब्द मात्र फार सैल वापरला जातो. मानसशास्त्रात एमए करून, वरिष्ठांच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षं काम केलेले उत्तम समुपदेशक आहेत, आणि शनिवार-रविवारचा कोर्स करून 'माइंड कोच' झालेलेही आहेत. म्हणून शिक्षण काय, कोणती पद्धत वापरता, तुमच्या कामावर देखरेख कोणाची, फी किती, सेशन रद्द केलं तर काय, हे पहिल्या फोनवर विचारा. आपण मुलाचा क्लास लावताना यापेक्षा जास्त चौकशी करतो. 'तीन सेशनमध्ये खात्रीने बरे' म्हणणाऱ्यापासून लांब राहा. चॅटबॉटवर किंवा अॅपवर मन मोकळं करणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही, रात्री दोनला तेवढंच हाताशी असतं. पण त्याला थेरपी समजू नका.

गुप्ततेची धास्ती सगळ्यांना असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, तो २०१८ मध्ये लागू झाला, आणि त्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क स्पष्ट दिलेला आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद. कंपनीने मोफत समुपदेशनाची सोय दिली असेल तर एचआरपर्यंत नेमकं काय पोहोचतं हे लेखी विचारून घ्या, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर सेशन घेऊ नका. त्याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच कव्हर देणं बंधनकारक केलंय. मात्र ओपीडीचा खर्च बहुतेक पॉलिसींत धरलेला नसतो, त्यामुळे थेरपीची फी सहसा आपल्याच खिशातून जाते. ती झेपत नसेल तर सरकारी रुग्णालयांच्या मनोविकार ओपीडीत नाममात्र खर्चात तपासणी होते.

एक गोष्ट माझ्या थेरपिस्टने स्वच्छ सांगितली. "तुमचा विचार आपण बदलू, पण तीन माणसांचं काम एकटीकडे असेल तर ते विचाराने कमी होणार नाही." मास्लाक आणि मायकल लायटर यांनी बर्नआउटच्या मुळाशी कामाच्या सहा बाजू सांगितल्या आहेत. कामाचा बोजा, हातातलं नियंत्रण, मिळणारी दाद, माणसांमधला जिव्हाळा, न्याय आणि मूल्यं. माझं दुखणं बोजापेक्षा नियंत्रणाचं होतं. रात्री साडेदहाचा अमेरिकेचा कॉल कुणी विचारून ठरवत नव्हतं. दोन महिने थेरपी झाल्यावर मी मॅनेजरला म्हणाले, "सर, आठवड्यात दोनच रात्री घेईन, बाकी दिवस टीममधले दोघं आळीपाळीने घेतील." ते म्हणाले, "हे आधी का नाही बोललात?" सगळेच मॅनेजर असं म्हणत नाहीत, याची मला कल्पना आहे. माझ्या एका मैत्रिणीला त्याच वाक्यासाठी रेटिंग गमवावं लागलं, आणि तिने नोकरी बदलली. तिच्या बाबतीत तोच उपचार होता.

रात्री-अपरात्री फारच असह्य झालं, तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीतही. आपला त्रास 'तेवढा मोठा' नाही म्हणून लावू की नको, असं वाटलं तरी लावा.

पहिला मेसेज काय लिहायचा यात माझे तीन आठवडे गेले होते. चार वेळा लिहून पुसला, कारण मला तोही उत्तम लिहायचा होता. शेवटी गेला तो असा: "नमस्कार मॅडम. मी ठाण्यात राहते. झोप लागत नाही, सतत धास्ती वाटते, कामाचा वीट आलाय. बाहेरून सगळं ठीक आहे. गुरुवारी रात्री वेळ आहे का?" अर्ध्या तासाने उत्तर आलं, "नमस्कार. आहे. नऊ चालेल? बोलायला निवांत जागा आहे ना?"

मी लिहिलं, "गाडी आहे."